पोराची पारख : घरातली आणि शाळेतली

शाळेच्या व्हरांड्यात पालक आणि गुरुजी समोरासमोर आले, की पहिल्या दोन वाक्यांतच पोराचा निकाल लागून जातो. "लई द्वाड हाय बघा गुरुजी, चांगलं झोडपत चला," असे बाप म्हणतो. आई म्हणते, "तसा गुणाचा हाय, पर कुणात मिसळत न्हाई." कुणी म्हणते हट्टी आहे, कुणी म्हणते आतल्या गाठीचा, कुणी चिडका, कुणी भित्रा, तर कुणी नुसता आळशी. बैल घेताना आपण त्याचे दात बघतो, खूर बघतो, चार पावले चालवून बघतो. बियाणे घेताना दोन ठिकाणी चौकशी करतो. स्वतःच्या लेकराविषयीचा शेरा मात्र एका शब्दात देऊन मोकळे होतो, आणि तो शब्द पुढे कितीतरी वर्षे त्या लेकराला चिकटून राहतो.

मुलांच्या मनाच्या आणि वागण्याच्या अडचणी आईबापांनी कशा ओळखाव्यात, त्यांची पारख कुठे खरी ठरते, कुठे फसते, आणि गुरुजींच्या पारखीशी तिचा मेळ कसा घालावा, एवढाच विषय आज आपल्यापुढे आहे.

कागलच्या मातीत या विषयाला एक जुनी पार्श्वभूमी आहे. कागलच्या घाटगे घराण्यातून करवीरच्या गादीवर दत्तक गेलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. पोराला शिकवायचे की नाही हा केवळ बापाच्या मर्जीचा प्रश्न नाही, हे त्या दंडाने सांगितले. आज बहुतेक घरांतून पोर शाळेत येते. तेव्हा प्रश्न एक पायरी पुढे सरकला आहे : शाळेत येऊन बसलेल्या त्या पोराच्या आत काय चालले आहे?

या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण कागलचेच आहे. लेखक आनंद यादव यांचा जन्म इथे १९३५ साली एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे 'झोंबी' हे पुस्तक १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि त्याला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यात त्यांनी आपल्या शिक्षणाची हकिकत सांगितली आहे. वडिलांनी त्यांना शाळेतून काढून शेताच्या कामाला जुंपले. मायलेकरांनी जाऊन गावातल्या दत्ताजीराव देसाई यांच्या कानावर ही गोष्ट घातली. देसायांनी वडिलांना बोलावून विचारले, तेव्हा त्यांनी पोराच्या तक्रारींची यादीच वाचली : खेळत बसतो, सिनेमाला जातो, शेताच्या कामात लक्ष नाही. पुढे तेच पोर पुन्हा शाळेत बसले. वर्गातली मुले वयाने लहान, वर चिडवाचिडवी. पोर बुजून गेले. परंतु सौंदलगेकर मास्तर मराठी शिकवू लागले, कविता चालीवर म्हणून दाखवू लागले, आणि पिकाला पाणी पाजताना, म्हशी राखताना हा मुलगा कविता गुणगुणू लागला, स्वतः जुळवू लागला.

आता बघा, बापाच्या लेखी जो वाया चाललेला, तोच मास्तरांच्या लेखी कवितेत रमणारा. मग खोटे कोण बोलत होते? खरे म्हणजे कुणीच नाही. शेतात त्या पोराचे मन लागत नव्हते हे बापाने बरोबर पाहिले होते. फक्त त्याने जे मोजले ते शेताच्या गरजेच्या मापाने मोजले. पोराला कशाची ओढ आहे, कशाची भीती आहे, हे त्या मापात मावतच नव्हते. आपणही पुष्कळदा असेच करतो. "पोर त्रास देते" असे आपण म्हणतो, तेव्हा त्रास आपल्याला किती होतो हेच सांगत असतो. पोराला किती त्रास होतो आहे, हा निराळा प्रश्न आहे आणि तो निराळाच विचारावा लागतो.

मुलांच्या अडचणी ढोबळ मानाने दोन तऱ्हांच्या असतात. एक तऱ्हा बाहेर उसळणारी : मारामारी, उलट बोलणे, खोटे बोलणे, एका जागी न बसणे, वस्तू फेकणे. दुसरी तऱ्हा आत मुरणारी : सतत भीती, उदासपणा, कुणात न मिसळणे, झोप न लागणे, कारण नसताना पोट किंवा डोके दुखणे. पहिल्या तऱ्हेचे पोर सगळ्या गल्लीला कळते. दुसऱ्या तऱ्हेचे पोर कुणालाच कळत नाही, उलट "किती शहाणं आहे, आवाजसुद्धा नाही" म्हणून त्याचे कौतुक होते. मुलींच्या बाबतीत तर हे फारच घडते. गप्प बसणारी मुलगी ही चांगली मुलगी, अशी आपली समजूत असल्यामुळे तिचे गप्प बसणे हे दुखणे असू शकते, हे आपल्या ध्यानातच येत नाही.

ही चूक फक्त आपल्याकडचीच नव्हे. अमेरिकेत विकमन नावाच्या अभ्यासकाने १९२८ साली शिक्षकांना आणि मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांना विचारले, की मुलांचे कोणते वागणे तुम्हाला जास्त गंभीर वाटते? शिक्षकांनी शिस्त मोडणारे, चोरी आणि दांडगाई असे वागणे वर धरले. तज्ज्ञांनी मात्र एकलकोंडेपणा, संशयीपणा, उदासपणा यांना वरचे स्थान दिले. वर्गाला ज्याचा उपद्रव होतो ते शिक्षकाला मोठे दिसते आणि घराला ज्याचा उपद्रव होतो ते आईबापाला. ज्याचा उपद्रव कुणालाच नाही, ते दुखणे मागे राहते.

आता घर आणि शाळा यांच्या पारखीत अंतर किती पडते ते पाहू. इंग्लंडच्या दक्षिणेला वाइट नावाचे बेट आहे. तिथे १९६० नंतरच्या दशकात मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांची मोठी पाहणी केली. एकाच मुलाविषयी पालकांकडून एक प्रश्नावली भरून घेतली आणि शिक्षकांकडून एक. पालकांनी काही मुले 'अडचणीतली' म्हणून दाखवली, शिक्षकांनीही दाखवली. पण दोन्ही याद्यांत असणारी मुले फार थोडी निघाली. पुढे तीच मुले चौदा-पंधरा वर्षांची झाल्यावर त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोलले, तेव्हा कितीतरी मुलांनी आपल्या मनातले असे दुःख सांगितले, की जे घरात आणि शाळेत कुणाच्याच लक्षात आले नव्हते.

१९८७ साली थॉमस आखेनबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ११९ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. पुरता मेळ असेल तर १ आणि मुळीच मेळ नसेल तर शून्य, असे माप धरा. दोन्ही माणसे एकाच नात्याची असली, म्हणजे आई आणि वडील किंवा एकाच मुलाला शिकवणारे दोन शिक्षक, तर मेळ सरासरी ०.६० भरला. पालक आणि शिक्षक अशी निराळ्या नात्याची माणसे घेतली, तर तो ०.२८ वर आला. आणि मुलाचे स्वतःचे म्हणणे मोठ्यांच्या म्हणण्याशी ताडून पाहिले, तर ०.२२.

हे आकडे ऐकून कुणी म्हणेल, मग कुणाचेच खरे धरू नये. पण त्यांचा अर्थ तसा नाही. पोर घरात एक असते, वर्गात दुसरे असते, आणि मैदानात सवंगड्यांत तिसरेच असते. विहीर एकच असली तरी काठावरून बघणाऱ्याला दिसते ते निराळे आणि आत उतरलेल्याला दिसते ते निराळे. म्हणून पालक आणि शिक्षक यांचे एकमत झाले नाही, तर भांडायचे कारण नाही. उलट, "घरी गरीब आणि शाळेत दांडगा, असे का?" हा प्रश्न विचारला, की अडचणीचे मूळ सापडायला सुरुवात होते.

पालकाच्या नजरेवर आणखीही काही सावल्या पडतात. गळीत हंगाम सुरू झाला, की ऊसतोडीची धांदल. रात्री पाण्याची पाळी. कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्याची रात्रपाळी. थकून आलेल्या माणसाला पोराचा साधा दंगाही असह्य होतो. आईच खचलेली असली, तर पोराचे वागणे तिला आहे त्याहून बिघडलेले दिसते. थोरल्याशी धाकट्याची तुलना ही तर घरोघरची. "लोक काय म्हणतील" या भीतीने काही पालक उघड दिसणारी गोष्टही नाकारतात. यात पालकांचा दोष काढायचा नाही. पण आपल्या डोळ्यांवर कोणता चष्मा आहे, हे एकदा स्वतःला विचारून घ्यावे.

तज्ज्ञ लोक यासाठी प्रश्नावल्या वापरतात. लंडनच्या रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ साली केलेली एक प्रश्नावली बऱ्याच देशांत चालते. तिच्यात २५ विधाने आहेत. प्रत्येकाला तीनच उत्तरे : लागू नाही, थोडे लागू, नक्की लागू. ही विधाने पाच गोष्टींविषयीची : मनाची घालमेल, वागण्यातला उपद्रव, चंचलपणा, सोबत्यांशी जमणे न जमणे, आणि पाचवी गोष्ट म्हणजे दुसऱ्याला मदत करण्याची वृत्ती. पाचव्या गोष्टीकडे मुद्दाम लक्ष द्या. पोरात काय बिघडले आहे एवढेच विचारून पारख पुरी होत नाही, काय चांगले आहे तेही विचारावे लागते. आपल्या देशातही चंदीगडच्या सविता मल्होत्रा यांनी १९८८ साली भारतीय मुलांसाठी पालकांना विचारायच्या प्रश्नांची एक मालिका तयार केली. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. अशी प्रश्नावली म्हणजे चाळणी. कोणत्या पोराकडे जास्त लक्ष द्यायला हवे एवढेच ती सांगते. रोगाचे नाव ठरवणे तिचे काम नाही, आणि ते पालकाचे किंवा शिक्षकाचेही नाही.

मग घरच्या घरी काय करावे? शंभर पानी वही घ्या आणि पंधरा दिवस रोज चार ओळी लिहा. आईला लिहिण्याची सवय नसेल, तर थोरल्या बहिणीने लिहावे. शेरा लिहायचा नाही, घडले ते लिहायचे. "हट्टीपणा केला" असे नको. "सकाळी सात वाजता दप्तर फेकले, अर्धा तास रडला" असे हवे. लिहिताना पाच प्रश्न समोर ठेवा. पहिला, हे किती वेळा घडते? दुसरा, किती दिवसांपासून चालले आहे? तिसरा, कुठे घडते : घरी, शाळेत की दोन्हीकडे? चौथा, त्याच्या आधी काय घडले होते? आणि पाचवा, यामुळे पोराचे खाणे, झोप, खेळ, अभ्यास, मैत्री यांपैकी काय अडले? चार दिवस चाललेला रुसवा आणि दोन महिने चाललेला अबोला यांत फरक आहे. एखाद्या दिवशी भात नको म्हणणे निराळे आणि अंगावरचे मांस झडेपर्यंत न जेवणे निराळे.

समजा, तिसरीतली एक मुलगी आहे. शाळेला निघताना तिच्या पोटात दुखते. वडील म्हणतात, "सोंग हाय सगळं." आजी म्हणते, "दिष्ट लागलीया." आई वही ठेवते. पंधरा दिवसांनी पाहते, तर दुखणे फक्त सोमवारी आणि गुरुवारी. रविवारी नाही, सुट्टीच्या दिवशी नाही. आई शाळेत जाते आणि म्हणते, "बाई, सोमवार-गुरुवार काय असतंय हो वर्गात?" बाई आठवून सांगतात, "त्या दिवशी एकेकाला उभं करून पाढे म्हणून घेते." मुलगी बोलताना अडखळते आणि वर्ग हसतो. मग बाई तिचे पाढे टेबलाजवळ बोलावून हळूच ऐकू लागतात आणि वर्गाला हसण्याबद्दल समज देतात. या मुलीचे पोट खरोखरच दुखत होते, हे वडिलांना सांगायला हवे. भीतीने पोटात खरा गोळा येतो. परीक्षेच्या किंवा कोर्टाच्या तारखेच्या दिवशी आपल्यालाही येतो की! इथे आईने पाहिले ते बाईंना दिसत नव्हते, आणि बाईंना ठाऊक होते ते आईला ठाऊक नव्हते. दोन्ही एकत्र आल्यावर उलगडा झाला.

मनाचा विचार करण्याआधी शरीर तपासून घ्यावे. कान फुटलेला मुलगा हाक मारली तरी वळत नाही, आणि आपण म्हणतो, ऐकत नाही. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून पोर शेजाऱ्याच्या वहीत डोकावते, आणि आपण म्हणतो, खोड्या करते. रक्त कमी असलेली मुलगी पेंगते, ती आळशी ठरते. काही मुलांना अशा बारीक फिटा येतात, की पोर काही सेकंद एकटक शून्यात बघते आणि पुन्हा भानावर येते. त्याला आपण "तंद्री लागते" म्हणतो. पाच-सहा वर्षांच्या पुढे अंथरूण ओले करणारे पोर मुद्दाम तसे करत नाही, म्हणून त्याला लाजवू नये. अंथरूण ओले होणे एकदा बंद होऊन पुन्हा सुरू झाले, तर डॉक्टरांना दाखवावे आणि पोराला कशाचा धसका बसला आहे का, हेही पाहावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून आरोग्य पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत येऊन मुलांची तपासणी करतात. पथक येईल त्या दिवशी पोराला शेतावर नेऊ नका, आणि तुमच्या वहीतली गोष्ट गुरुजींकरवी डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता दोन शब्द शिक्षकांसाठी. पालकाला बोलावले, की तो आरोपीसारखा दाराशी उभा राहतो, कारण शाळेचे बोलावणे म्हणजे तक्रार, हे त्याला ठाऊक असते. म्हणून आधी पोराचा एक चांगला गुण सांगा, आणि तो खरा असू द्या. मग घडलेली गोष्ट सांगा, शेरा नको. "तुमचा मुलगा गुंड आहे" असे म्हटले, की बाप तरी चिडतो नाही तर घरी जाऊन पोराला बडवतो. "गेल्या आठवड्यात तीनदा मधल्या सुट्टीत मारामारी झाली, घरी काही वेगळं घडलंय का?" असे विचारले, तर बाप खाली बसतो आणि बोलू लागतो. बोलणे चारचौघांत नको, आणि ऐकलेली गोष्ट शिक्षकांच्या खोलीत चघळायला नको.

"झोडपत चला" म्हणणाऱ्या बापाला शिक्षकांनी नम्रपणे सांगावे, की शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्हींना बंदी आहे. हा कायदा २००९ चा असून १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मारले, की बाहेर उसळणारे पोर जास्त उसळते आणि आत मुरणारे जास्त आत जाते. त्याच कायद्यातल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. खिडक्या-दारे आणि मध्यान्ह भोजन यांच्या जोडीने मुलांच्या वागण्याचा आणि मनाचा विषयही या समितीने वर्षातून दोनदा तरी घ्यायला काय हरकत आहे? फक्त तिथे कुणा एका पोराचे नाव निघू नये.

आणि या सगळ्यात पोराला स्वतःला विचारायचे राहून जाऊ नये. मेळाचा सर्वांत कमी आकडा मुलाच्या आणि मोठ्यांच्या म्हणण्यातला होता, हे आठवा. समोर बसवून "सांग, काय झालंय तुला?" असे दरडावले, तर पोर काहीच सांगत नाही. वैरण काढताना, शेंगा फोडताना, तलावाकडेने चालताना सहज बोलले, तर सांगते. सांगितल्यावर लगेच उपदेश करू नका. पुरते ऐका. मुलाच्या हातात मोबाईल असेल, तर त्यावर काय चालले आहे हेही त्याच बोलण्यात विचारावे, हिसकावून घेऊन नव्हे.

काही गोष्टींत मात्र पंधरा दिवस वही लिहीत बसू नये. मूल मरणाची भाषा बोलू लागले, स्वतःला इजा करू लागले, एकाएकी पार बदलून गेले, एखाद्या माणसाला पाहून थिजू लागले, किंवा आपल्याशी कुणी वाईट वागले असे म्हणाले, तर त्याच दिवशी मदत घ्यावी. "उगं बोलतंय" म्हणून सोडून देऊ नये आणि पोराला एकटे ठेवू नये. मनाच्या अडचणींसाठी 'टेली मानस' ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा फोन नंबर १४४१६. फोन करायला पैसे लागत नाहीत आणि आपल्या भाषेत बोलता येते. मुलावर अत्याचार होत असेल किंवा तो संकटात असेल, तर १०९८ हा नंबर आहे. कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या सी.पी.आर.मध्ये, मानसोपचार विभाग आहे. तिथे जाणे म्हणजे पोराला वेडा ठरवणे नव्हे. पाय मुरगळला तर आपण दवाखाना गाठतोच ना?

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी ७.३ टक्क्यांना मनाचा काही ना काही विकार आढळला. महाराष्ट्र त्या पाहणीतल्या १२ राज्यांत नव्हता, तरी आपली मुले फार निराळी असतील असे मानायला कारण नाही. साठ मुलांच्या वर्गात हा हिशेब चार मुलांचा होतो. त्या चारांतले एखादे वर्गाबाहेर अंगठे धरून उभे असेल, पण बाकीची बहुधा मागच्या बाकावर गप्प बसलेली असतील, आणि त्यांच्याविषयी आजवर कुणाचीही तक्रार आलेली नसेल.

तेव्हा पालकहो, पुढच्या पालकसभेला जाताना वही बरोबर न्या. आणि गुरुजी, बाई, ज्या मुलांविषयी तुम्हाला एकही तक्रार सांगायची नसते, त्यांच्या आईबापांनाही या महिन्यात एकदा बोलावून घ्या, आणि घरी पोर कसे झोपते, कुणाशी खेळते, कशाला हसते, एवढेच विचारा.